तीन गोळ्यांवर निकाल लावू नका!

हॉस्टेलमध्ये रात्री साडेबारानंतर तीन विषयांचे तज्ज्ञ हमखास भेटतात. क्रिकेट, प्रेम आणि बंदुका! पहिल्या दोन विषयांवर आपल्या मासिकात दरवर्षी भरपूर छापून येतं, म्हणून मी तिसरा घेतला. आधीच सांगून ठेवते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी आम्हाला तिसरी भाषा, तीही शुक्रवारी शेवटच्या तासाला. तेव्हा एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर हे जे बंदुकांचे तज्ज्ञ आहेत, त्यांचं प्राथमिक शिक्षण मोबाइलवरच्या गेममध्ये झालेलं असतं आणि पोस्ट ग्रॅज्युएशन अमेरिकेतल्या व्हिडिओंवर. (मुलींच्या हॉस्टेलमध्येही असे तज्ज्ञ आहेत बरं का! मी एनसीसीची कॅडेट. पॉइंट टू-टू रायफलने कागदाला भोकं पाडण्याइतकाच माझा प्रत्यक्ष अनुभव, पण मतं मात्र भरपूर.) व्हिडिओ साधारण एकाच साच्याचे असतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात एक नवी छोटी कंपनी निघालेली असते. ती 'कस्टम' सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि सुटे भाग बनवते. दाढीवाले काका रायफल टेबलावर ठेवतात, रंग दाखवतात, ट्रिगरचा 'क्लिक' ऐकवतात. मग शंभर यार्डांवर तीन गोळ्या मारतात आणि तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकून दाखवतात. लगेच आपल्या कॉरिडॉरमध्ये निकाल जाहीर होतो, "भारी आहे यार कंपनी!"

माझं म्हणणं एवढंच आहे की हा निकाल इंजिनिअरचा नाही, प्रेक्षकाचा आहे. आणि आपण चार वर्षं फी भरून प्रेक्षक व्हायला इथे आलेलो नाही.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे कोरी पाटी असलेल्यांनाही कळेल. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं आत भरणं ही कामं रायफल आपणहून करते. आपल्या फौजेतली जुनी एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, याच जातीची. अमेरिकेत या वर्गातली सर्वांत लोकप्रिय रायफल म्हणजे एआर-१५ आणि तिची भावंडं. इथे एआर म्हणजे 'असॉल्ट रायफल' नव्हे, तर मूळ कंपनीचं नाव, आर्मलाइट. यूजीन स्टोनर या इंजिनिअरच्या डिझाइनचं मुख्य पेटंट १९७७ मध्ये संपलं आणि मग कोणालाही ती बनवायची वाट मोकळी झाली. फेडरल परवाना, एखादं सीएनसी मशीन आणि थोडं भांडवल असलं की कंपनी सुरू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे अशी रायफल सामान्य माणसाच्या हाती येत नाही, त्यामुळे विकत घ्यायचा प्रश्नच नाही. पण नव्या छोट्या कंपनीच्या मालाची पारख कशी करायची, हा प्रश्न आपलाच आहे. उद्या आपण अशाच कंपनीत नोकरी करणार, नाहीतर अशीच कंपनी काढणार. आणि रायफल हे उदाहरण चांगलं यासाठी, की इथे माल फसला तर ग्राहक फक्त चिडत नाही. चेहऱ्यापासून चार बोटांवर स्फोट होत असतो. पॉइंट २२३ रेमिंग्टन या काडतुसासाठी अमेरिकन उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय आहे. आपल्या मेसच्या कुकरची शिट्टी होते साधारण १५ पीएसआयला! आता करा विचार.

सुरुवात त्या तीन गोळ्यांपासून करू. कंपन्या 'एक एमओए'ची हमी देतात, म्हणजे शंभर मीटरवर साधारण २९ मिलिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसतील. पण किती गोळ्या? तीन मारल्या तर गट लहान दिसतो, दहा मारल्या तर तीच रायफल 'बिघडते'. हे नशीब नाही, आपल्याच मॅथ्सच्या पुस्तकातलं स्टॅटिस्टिक्स आहे. गोळ्यांचं विखुरणं नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचं धरलं, तर सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं सरासरी अंतर तीन गोळ्यांत सुमारे २.४ सिग्मा येतं, पाच गोळ्यांत ३.१ आणि दहा गोळ्यांत ३.८. म्हणजे रायफल तीच, गोळ्या त्याच, हातही तोच, आणि गट दीडपटीहून मोठा. त्यातून चार गटांपैकी सर्वांत सुंदर गटाचाच फोटो निघतो. आपण नाही का, दहा सेल्फीतली एकच लावत?

विश्वासार्हतेचंही तसंच. "दोनशे राउंड मारले, एकदाही अडकली नाही" हे वाक्य ऐकायला दणदणीत वाटतं. पण जी रायफल शंभरात सरासरी दीड वेळा अडकते, तीसुद्धा सलग दोनशे गोळ्या बिनतक्रार मारून दाखवण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. हजारात एकाहून कमी वेळा अडकते असं जवळजवळ खात्रीने म्हणायचं असेल, तर साधारण ३,००० गोळ्या एकही अडथळा न येता सुटायला हव्यात. आणि हे झालं एका रायफलीचं. कंपनीने समीक्षकाला पाठवलेली रायफल ही निवडून पाठवलेली. दुकानातून कोणी गुपचूप उचललेली नव्हे. आपल्याला हे वेगळं समजावायला नको. मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदलला की पहिल्या आठवड्यात पनीर, गुलाबजाम, हसतमुख वाढपी! कॉन्ट्रॅक्टरची खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात, सबमिशनच्या आठवड्यात, रात्री उशिरा जेवायला गेलं की होते. नव्या कंपनीचा पहिला नमुना हा पहिल्या आठवड्याचा पनीर असतो.

आता दुसरा मुद्दा, 'कस्टम' या शब्दाचा. आपल्याकडे ड्रॉइंगच्या जीटीला जसा मान आहे (काचेखाली बल्ब, वर दुसऱ्याची शीट, जुनी पुण्याई!), तसाच तिकडेही आहे. एआर-१५ ची मापं इतकी ठरून गेली आहेत की बऱ्याच छोट्या कंपन्या स्वतः फारसं काही बनवत नाहीत. रिसीव्हरचं, म्हणजे रायफलीच्या मुख्य सांगाड्याचं फोर्जिंग करणारे कारखाने मोजकेच. त्यांच्याकडून ते आणायचं, बॅरल दुसरीकडून, बोल्ट तिसरीकडून, आणि आपला लोगो कोरून रंग मारायचा. यात फसवणूक आहेच असं मी म्हणणार नाही. नीट निवडलेले भाग नीट जोडणं हेही कौशल्य आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडचा अर्धा संसार त्यावर चालतो. पण मग कंपनीने सांगावं ना, की आम्ही काय बनवतो आणि काय आणतो! जी कंपनी हे सरळ सांगते तिला माझ्याकडून पहिले दहा मार्क. जी 'सीक्रेट' म्हणते तिची वायव्हा मी लांबवेन.

तिसरा शब्द 'मिल-स्पेक'. हा शब्द तिकडच्या जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतो, जसा आपल्याकडे प्रत्येक लोणच्यावर 'घरगुती'. मिलिटरी स्पेसिफिकेशन म्हणजे नुसतं माप नव्हे. माप, धातू, प्रक्रिया, तपासणी आणि त्या तपासणीचा कागद, हे पाचही मिळून स्पेसिफिकेशन होतं. रिसीव्हर ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचा आहे की ६०६१-टी६ चा, हे बघून कळत नाही. दोन्ही काळे, दोन्ही गुळगुळीत. पण पहिल्याची यील्ड स्ट्रेंग्थ सुमारे ५०० मेगापास्कल आणि दुसऱ्याची सुमारे २७५. बोल्टचं तर विचारूच नका. तो छोटासा भाग प्रत्येक गोळीला सगळा दाब झेलतो. सैन्याच्या पद्धतीत बोल्टवर जास्त दाबाचं काडतूस मारून बघतात आणि मग मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीने न दिसणारी भेग शोधतात. छोटी कंपनी म्हणते, "आमचेही बोल्ट तपासलेले आहेत." ठीक. प्रत्येक बोल्ट, की शंभरातला एक? हा एक प्रश्न विचारला की अर्ध्या कंपन्यांचा चेहरा, आपण जर्नल न लिहिता ओरल्सला गेल्यावर होतो, तसा होईल असं मला वाटतं.

चौथी गंमत 'टाइट टॉलरन्स'ची. आमच्या काही मित्रांना वाटतं की जितकी फिट घट्ट तितकी रायफल उच्च. मेट्रॉलॉजीचं लेक्चर बंक केल्याचा परिणाम! घट्ट फिट आणि कमी टॉलरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी टॉलरन्स म्हणजे प्रत्येक नग सारखा, ते चांगलंच. पण हलणाऱ्या भागांमधली जागा मुद्दाम ठेवलेली असते. धूळ, काजळी, जुनं तेल, उष्णतेने वाढलेला धातू, या सगळ्यांना त्यात राहायचं असतं. ती जागा काढून टाकली की रायफल शोरूममध्ये लोण्यासारखी चालते आणि चिखलात रुसते. याच्या उलटही युक्ती असते. बॅरलमधून गॅस घेणारं छिद्र जरा मोठं ठेवलं की हलक्या काडतुसावरही रायफल न अडकता चालते. ग्राहक खूश. पण प्रत्येक गोळीला आतले भाग जोराने आपटत राहतात आणि झीज लवकर होते. पहिल्या दिवशीचं यश हे हजाराव्या गोळीकडून घेतलेलं कर्ज असू शकतं.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. खुद्द एआर-१५ ची जन्मकथाच नव्या छोट्या कंपनीची पारख करण्याची कथा आहे. आर्मलाइट ही फेअरचाइल्ड या विमान कंपनीची १९५४ मध्ये सुरू झालेली छोटीशी शाखा. जागा हॉलिवूड! विमानातलं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक रायफलीत वापरायचं, ही त्यांची कल्पना. त्यांची एआर-१० ही रायफल अमेरिकन सरकारच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत तपासणीला गेली. हलकी, सुंदर, भविष्यातून आल्यासारखी. वजन आणखी कमी दिसावं म्हणून कंपनीचे प्रमुख जॉर्ज सुलिव्हन यांनी तिला आत स्टील, बाहेर ॲल्युमिनियम असं जोडबॅरल लावायला सांगितलं. स्टोनरचा त्याला जोरदार विरोध होता. पण साहेब तो साहेब. १९५७ च्या सुरुवातीला कठोर चाचणी चालू असताना ते बॅरल फुटलं. कंपनीने घाईने साधं स्टीलचं बॅरल बसवलं, पण तोवर उशीर झाला होता. आर्मरीचा अहवाल विरोधात गेला आणि सैन्याने त्या वर्षी एम-१४ निवडली. १९५९ मध्ये आर्मलाइटने डिझाइनचे हक्क कोल्ट कंपनीला विकून टाकले.

या गोष्टीत मला दोन धडे दिसतात. एक म्हणजे स्प्रिंगफील्डवाल्यांनी काका लोकांसारखी तीन गोळ्या मारून टाळी वाजवली नाही. मोडेपर्यंत वापरून बघितली, म्हणून बॅरल चाचणीत फुटलं, एखाद्या जवानाच्या हातात नाही. दुसरा धडा त्याच्या उलट बाजूचा. बॅरल वाईट होतं, पण डिझाइन वाईट नव्हतं! त्याच डिझाइनची धाकटी आवृत्ती पुढे एम-१६ झाली आणि आजही तिची नातवंडं जगभर वापरात आहेत. म्हणजे 'नवी आहे, छोटी आहे, सोडून द्या' हेही आळशीपणाचंच. कल्पना वेगळी तपासायची, अंमलबजावणी वेगळी. आपल्या प्रोजेक्टच्या वेळी गाईडने असं केलं तर आपल्याला किती बरं वाटतं!

आणि मोठी कंपनी, मोठं सरकार असलं म्हणजे माल चांगलाच, असंही समजू नका. पुढची गोष्ट त्याचीच आहे. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमाराला एम-१६ ऐन लढाईत अडकू लागली. रिकामं काडतूस चेंबरमध्ये रुतून बसायचं आणि जवान सळई घालून ते बाहेर ढकलत बसायचे, समोरून गोळ्या येत असताना. अमेरिकन काँग्रेसने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. १९६७ मध्ये तिने सैन्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. काय झालं होतं? रायफल ज्या पावडरवर विकसित झाली ती बदलून दुसऱ्या प्रकारची बॉल पावडर आणली होती. तिने रायफलीचा वेग वाढला आणि आत घाणही जास्त साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत गंज. साफसफाईचं सामान पुरेसं दिलंच नव्हतं. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, नव्या पावडरवर रायफली चाचणीच्या मर्यादेत बसत नव्हत्या, म्हणून कारखान्यातल्या स्वीकृती चाचणीसाठी जुन्या पावडरची काडतुसं वापरायची मुभा देण्यात आली. कारखान्यात एक काडतूस, जंगलात दुसरं! कागदावर सगळ्या रायफली पास. प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग 'ॲडजस्ट' करणाऱ्या प्रत्येकाने (म्हणजे बहुतेक वर्गाने!) हा परिच्छेद दोनदा वाचावा. पुढे चेंबरला क्रोम आला, साफसफाईची साधनं आणि प्रशिक्षण आलं, आणि रायफल सुधारली. पण ज्यांची वेळ आधी आली त्यांना त्याचा काय उपयोग?

मग कोणी म्हणेल, हे सगळं बघायला सरकार नाही का? इथेच देशादेशांत फरक आहे. इंग्लंडमध्ये लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. तिथे बंदूक विकण्याआधी त्रयस्थ संस्थेत जास्त दाबाचं काडतूस मारून तपासावी लागते आणि मग तिच्यावर शिक्का बसतो. बनवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. अमेरिकेत अशी कायद्याची सक्ती नाही. परवाना देणारं सरकारी खातं नंबर आणि नोंदी बघतं, बोल्टमधली भेग नव्हे. तिथल्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाच्या १९७२ च्या कायद्यातून बंदुका वगळलेल्या आहेत. त्यामुळे टोस्टर सदोष निघाला तर तो आयोग बाजारातून परत मागवायला लावू शकतो, रायफल नाही. म्हणजे तिथे परीक्षक, मॉडरेटर आणि रीचेकिंगवाला, तिन्ही भूमिका बिचाऱ्या ग्राहकाच्या गळ्यात. म्हणून तर त्या व्हिडिओंना एवढं महत्त्व आलं. पण समीक्षकाला फुकट रायफल कंपनीच देते, हे विसरून कसं चालेल?

'लाइफटाइम वॉरंटी'चंही तसंच. कोणाचं लाइफ? रेमिंग्टन ही १८१६ पासूनची कंपनी. तिने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेवटी तुकड्यातुकड्याने विकली गेली. दोनशे वर्षांच्या कंपनीची ही कथा, तर दोन वर्षांच्या कंपनीची आयुष्यभराची हमी किती आयुष्याची? म्हणून नव्या कंपनीचे भाग इतरांच्या भागांशी जुळतात का, हे मला वॉरंटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सगळी मापं स्वतःची 'स्पेशल' असतील, तर कंपनी बंद पडल्या दिवशी रायफल भिंतीवर टांगायची.

मग अशा कंपनीला मी काय विचारीन? चारच प्रश्न. तुम्ही स्वतः काय बनवता? किती नग, किती गोळ्या, कोणी निवडून तपासले? तपासताना काय मोडलं? आणि मोडल्यावर तुम्ही काय बदललं? शेवटच्या दोन प्रश्नांना माझ्याकडे निम्मे मार्क आहेत. "आमचं काहीच मोडत नाही" म्हणणाऱ्या कंपनीने एकतर तपासलंच नाही, नाहीतर ती खोटं बोलते. छोट्या कंपनीचा खरा फायदा इथेच असतो. फोन मालकच उचलतो, चूक सोमवारी कळली तर बुधवारी ड्रॉइंग बदलू शकतं. मोठ्या कंपनीत तेवढ्यात मीटिंगची तारीखसुद्धा ठरत नाही. हा फायदा जी वापरते ती छोटी कंपनी मला आवडेल, मग तिची रायफल दिसायला साधी का असेना.

आता एक अवघड गोष्ट, जी बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वर मी जी परीक्षा सांगितली, त्यात पहिल्या नंबराने पास झालेली रायफल चांगली का? डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. मे २०२२ मध्ये युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका. दोन्हीकडे एआर-१५ जातीच्या रायफली होत्या. तांत्रिक भाषेत सांगायचं तर त्या 'व्यवस्थित चालल्या'. हे वाक्य लिहितानाही कसंतरी होतं. सँडी हूकच्या कुटुंबांनी रेमिंग्टनवर खटला भरला तो रायफल सदोष होती म्हणून नव्हे, तर ज्या भाषेत ती तरुण मुलांना विकली गेली त्या जाहिरातींसाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलर्सची तडजोड झाली. म्हणून माझ्या मते कंपनीची पारख करताना कॅटलॉगची भाषाही तपासावी. ती ग्राहकाला जबाबदार माणूस समजते, की वीस वर्षांच्या पोराच्या मर्दानगीला डिवचते? हे मायक्रोमीटरने मोजता येत नाही, पण म्हणून ते मोजायचंच नाही असं कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलंय?

शेवटी आपल्या घराजवळ येते. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. इन्सास रायफलीचं डिझाइन तिथलंच. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. आता खाजगी छोट्या कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईने हैदराबादच्या द्वीपा आर्मर या खाजगी कंपनीबरोबर केलेली 'उग्रम' रायफल पुण्यात सादर झाली. त्याच वर्षी 'अस्मी' ही छोटी मशीन पिस्तूल ५५० नगांच्या ऑर्डरने लष्कराच्या उत्तर कमांडकडे गेली. डिझाइनमध्ये एआरडीईचा वाटा, आणि बनवणारी लोकेश मशिन्स ही मुळात सीएनसी मशीनची कंपनी. मला याचा अभिमान वाटतो. पण उग्रमची बातमी आपण वाचली ती 'शंभर दिवसांच्या आत तयार' या मथळ्याने. शंभर दिवसांत प्रोटोटाइप करणं कौतुकाचंच. तरी टाळ्या राखून ठेवायच्या त्या पुढच्या चाचण्यांसाठी, वाळूत, बर्फात, पावसात, हजारो गोळ्यांनंतर. देशी आहे म्हणून मार्क वाढवायचे नाहीत आणि देशी आहे म्हणून कापायचेही नाहीत. सियाचीनच्या जवानाला आपला अभिमान नको असतो, न अडकणारी रायफल हवी असते.

मित्र-मैत्रिणींनो, कॅम्पस इंटरव्ह्यू झाले की आपल्यातले निम्मे आयटीत जातील, ते सोडा. उरलेल्यांपैकी कोणीतरी एखाद्या छोट्या कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर बसणार आहे. रायफलीचा बोल्ट नसेल, बसच्या ब्रेकचा भाग असेल किंवा हॉस्पिटलच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. महिनाअखेर असेल, ट्रक गेटवर उभा असेल, साहेब म्हणतील, "एकच तर नग बघायचाय, मार ओके!" तेव्हा तिथे स्टोनरसारखा नुसता विरोध नोंदवून चालणार नाही. सही आपली असेल. एक नग बघून मारलेली सही म्हणजे तीन गोळ्यांवर लावलेला निकाल. आणि हो, तो व्हिडिओ पुन्हा कॉरिडॉरमध्ये लागला आणि कोणी म्हणालं, "भारी कंपनी आहे!", तर शांतपणे एवढंच विचारा, "बाबा रे, काय मोडलं ते दाखवलं का त्यांनी?"

— टी.ई. मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह